फोटो जागेवर, पण नावं-तारखा गायब: हा घोळ परत परत का होतो आणि कसा थांबवायचा

लक्षण साधारण असं असतं. कॉम्प्युटर फॉरमॅट केला, नवा घेतला किंवा फोटो बघायचा प्रोग्राम बदलला. फोटो सगळे आहेत, एकही हरवलेला नाही. पण दोन-दोन वर्षं खपून लावलेली माणसांची नावं, अल्बम, चांगल्या फोटोंना दिलेले तारे, खाली लिहिलेल्या ओळी, यातलं काहीच दिसत नाही. किंवा दहा वर्षांच्या सगळ्या फोटोंवर एकच तारीख दिसते, ज्या दिवशी कॉपी केले त्या दिवशीची. मग आपण दुसरा फुकट प्रोग्राम शोधतो, पुन्हा पहिल्यापासून नावं लावायला बसतो, आणि तीन-चार वर्षांनी तेच.

मी या फेऱ्यातून तीनदा गेले. पहिल्या दोन वेळी सहलींचे अल्बम गेले, त्याचं फार वाईट वाटलं नाही. तिसऱ्या वेळी मात्र जे गेलं ते पुन्हा उभं करता येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं. आमच्या जुन्या घरातल्या पत्र्याच्या डब्यात तीनशेच्या वर छापील फोटो होते. ते मी स्कॅन केले, आणि माझ्या थोरल्या आत्याला शेजारी बसवून दोन दिवाळ्यांच्या सुट्टीत एकेका चेहऱ्याचं नाव टाइप केलं. कोण कुणाची कोण, फोटो कुठल्या लग्नातला, मागची ओसरी कुणाच्या घरची, सगळं तिनं सांगितलं. पुढे हार्ड डिस्क कुरकुरायला लागली म्हणून कॉम्प्युटर दुकानात दिला. दुकानदारानं फोटो एकूण एक काढून दिले, त्याचं काम त्यानं चोख केलं. पण मी टाइप केलेली नावं फोटोंमध्ये नव्हतीच. ती त्या प्रोग्रामच्या स्वतःच्या वहीत होती, आणि ती वही सी ड्राइव्हच्या पोटात लपलेल्या एका फोल्डरमध्ये. ती काढून घ्या असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं, कारण ती तिथे आहे हे मलाच ठाऊक नव्हतं. तोवर आत्या गेली होती.

म्हणून आता फोटोंसाठी कुठला प्रोग्राम चांगला असं कुणी विचारलं की मी आधी एकच गोष्ट सांगते. दिसायला कसा आहे, किती भराभर उघडतो, हे नंतर बघा. आधी हे शोधा की तुम्ही टाइप केलेलं तो लिहितो कुठे.

नावं राहतात कुठे

जेपीजी फाइलमध्ये चित्राशिवाय माहितीसाठी वेगळी जागा असते. त्यात तीन कप्पे आहेत असं समजा. पहिला एक्झिफ, जो कॅमेरा किंवा फोन स्वतः भरतो: फोटो काढल्याची तारीख-वेळ, कॅमेऱ्याचं मॉडेल, फोन आडवा होता की उभा, कधीकधी ठिकाणाचे अक्षांश-रेखांश. दुसरा आयपीटीसी, जो वर्तमानपत्रं आणि वृत्तसंस्थांच्या कामातून आला: मथळा, ओळ, शोधशब्द. तिसरा एक्सएमपी, जो अडोबीनं २००१ मध्ये आणला आणि आज बहुतेक सगळे प्रोग्राम वाचतात. नावं, तारे, ओळी, चेहऱ्याभोवतीचा चौकोन, हे सगळं त्यात बसतं.

या तीन कप्प्यांत लिहिलेलं फोटोबरोबर फिरतं. पेन ड्राइव्हवर टाका, भावाला द्या, वीस वर्षांनी भलत्याच प्रोग्राममध्ये उघडा, ते तिथेच असतं. पण बरेच प्रोग्राम या कप्प्यांना हात न लावता स्वतःचा डेटाबेस, म्हणजे वर सांगितलेली ती वही, बाजूला ठेवतात. यामागे वाईट हेतू नाही. डेटाबेसमध्ये शोध झटकन होतो, आणि तुमच्या मूळ फाइलला धक्का लागत नाही. पण तो डेटाबेस मागे राहिला की तुमची मेहनतही मागे राहते.

फोटो बघायचा, लावायचा पिकासा हा प्रोग्राम आठवतो ना? २००४ मध्ये गुगलनं ते विकत घेऊन फुकट वाटलं आणि आपल्याकडे घराघरांत ते असायचं. १५ मार्च २०१६ नंतर त्याचं काम थांबवण्यात आलं. त्यात जेपीजीखाली लिहिलेली ओळ फाइलमध्ये जात असे, पण अल्बम त्याच्या डेटाबेसमध्ये राहत, आणि चेहऱ्यांची नावं फाइलमध्ये हवी असतील तर तशी खूण सेटिंगमध्ये आपण करायची होती. ज्यांनी केली त्यांची नावं आजही नव्या प्रोग्राममध्ये दिसतात. एकाच प्रोग्रामच्या दोन वापरकर्त्यांमध्ये एका खुणेनं एवढा फरक पडला.

आधी तातडीचं: जुना कॉम्प्युटर अजून चालतोय का?

चालत असेल तर फॉरमॅट करू नका, कुणाला देऊन टाकू नका. जुना प्रोग्राम उघडा आणि त्याच्याकडूनच नावं फाइलमध्ये लिहून घ्या. हे काम नंतर दुसरा प्रोग्राम क्वचितच करू शकतो.

पिकासा ३.९ असेल तर टूल्स, ऑप्शन्स, नेम टॅग्ज या पानावर नावं फोटोत साठवण्याची खूण आहे, ती करा. आधीच लावलेल्या नावांसाठी टूल्समधल्या एक्सपेरिमेंटल यादीत चेहरे एक्सएमपीमध्ये लिहिण्याचा पर्याय आहे, तो चालवा. डिजिकॅम असेल तर टूल्स, मेंटेनन्समध्ये डेटाबेस आणि मेटाडेटा (म्हणजे फाइलच्या कप्प्यांतली माहिती) जुळवून घेण्याचं काम निवडा, आणि दिशा डेटाबेसकडून फाइलकडे ठेवा. उलटी ठेवलीत तर रिकाम्या फाइली भरलेल्या डेटाबेसवर लिहिल्या जातील, तेव्हा बटण दाबण्याआधी ती ओळ दोनदा वाचा. लिनक्सवर शॉटवेल असेल तर प्रेफरन्सेसमध्ये टॅग (म्हणजे फोटोला लावलेले शोधशब्द), शीर्षकं आणि इतर माहिती फोटोंच्या फाइलमध्ये लिहा अशी एक खूण आहे. ती मुळात बंद असते. चालू केली की तो मागे मागे लिहीत बसतो. त्याला वेळ द्या, लगेच बंद करू नका.

कॉम्प्युटर गेला, पण जुनी हार्ड डिस्क किंवा तिची नक्कल आहे? तरी आशा आहे. डिजिकॅमचा डेटाबेस म्हणजे डिजिकॅम४ डॉट डीबी नावाची फाइल, आणि ती बहुतेक वेळा पिक्चर्स फोल्डरमध्येच असते. एक्सएनव्ह्यू या प्रोग्रामची तशीच फाइल युजरच्या ॲपडेटा या लपलेल्या फोल्डरमध्ये असते. पिकासा तर फोटोंच्या प्रत्येक फोल्डरमध्ये डॉट पिकासा डॉट आयएनआय अशी लपलेली छोटी फाइल सोडत असे. विंडोजमध्ये लपलेल्या फाइली दाखवा असं सांगा आणि ती नोटपॅडमध्ये उघडा. कुठल्या फोटोला तारा दिला होता ते आणि बऱ्याचदा माणसांची नावंसुद्धा साध्या अक्षरांत वाचता येतात. मला माझ्या एका जुन्या सहलीची नावं अशीच सापडली.

पाच फोटोंची चाचणी

कुठलाही प्रोग्राम पत्करण्याआधी ही चाचणी करा. पंधरा मिनिटं लागतात आणि पुढची पंधरा वर्षं वाचतात.

पाच जेपीजी फोटो एका नव्या फोल्डरमध्ये कॉपी करा. मूळ फोटोंना हात लावायचा नाही. नव्या प्रोग्राममध्ये त्या पाचांपैकी एकाला मराठीत टॅग लावा, एकाला तारे द्या, एकाखाली लांबशी ओळ लिहा, एकाची तारीख बदलून १९७४ करा, एकातल्या चेहऱ्याला नाव द्या. प्रोग्राम बंद करा. आता ते फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर, वेगळ्या प्रोग्राममध्ये उघडा. दुसरा प्रोग्राम नसेल तर विंडोजमध्ये फोटोवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, डिटेल्स बघा. टॅग, रेटिंग, शीर्षक, काढल्याची तारीख तिथे दिसायला हवी. चेहऱ्याचा चौकोन तिथे दिसत नाही, तो बघायला डिजिकॅमसारखाच प्रोग्राम लागतो.

दिसलं तर प्रोग्राम पास. नाही दिसलं तर लगेच नापास करू नका, आधी त्याच्या सेटिंग्जमध्ये मेटाडेटा नावाचं पान शोधा. बहुतेक वेळा खूण तिथेच असते आणि बंद असते. चालू करून परत पाच फोटो. तरीही नाही आलं, तर तो प्रोग्राम बघण्यापुरता वापरा, नावं लावायला नाही.

मग घ्यायचा कुठला

फोटो बघायला वेगळा आणि नावं लावायला वेगळा असे दोन ठेवा, हे माझं स्पष्ट मत आहे. बघण्यासाठी विंडोजवर इरफानव्ह्यू. इरफान श्किल्यान या बोस्नियात जन्मलेल्या माणसानं १९९६ मध्ये तो आणला, आणि घरगुती वापराला आजही फुकट आहे. जुन्या लॅपटॉपवरसुद्धा फोटो डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उघडतो. पूर्ण पडद्यावर आरामात बघायचे असतील आणि एकसारख्या चार फोटोंमधला बरा निवडायचा असेल तर फास्टस्टोन इमेज व्ह्यूअर. तोही घरगुती वापराला फुकट. शेजारी शेजारी चार फोटो लावून एकदम मोठे करता येतात, तेव्हा कुणाचे डोळे मिटलेत ते लगेच कळतं. पण या दोघांकडून अल्बमची किंवा चेहऱ्यांची अपेक्षा करू नका. ते त्यांचं काम नाही.

लावण्यासाठी मी डिजिकॅमवर स्थिरावले आहे. तो विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो, मुक्त सॉफ्टवेअर आहे, त्यामुळे घरी वापरा की संस्थेत, परवान्याची अडचण नाही. पहिल्यांदा उघडलात की तो काही पानं विचारत जातो. आपण घाईनं नेक्स्ट, नेक्स्ट करतो. तसं करू नका. त्यातल्या एका पानावर तो विचारतो की माहिती फाइलमध्ये लिहू की काहीच करू नको. तिथे फाइलमध्ये लिही असं निवडायचं. ते पान निसटलं असेल तर सेटिंग्जमध्ये मेटाडेटा उघडून टॅग, ओळी, रेटिंग, तारीख आणि चेहऱ्यांची नावं, अशा सगळ्या खुणा करा.

डिजिकॅमचा त्रास आहे, तोही सांगते. जड आहे. माझ्या जुन्या ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर तो सुरू करून मी चहा टाकायला जायची. बटणं इतकी की पहिला आठवडा डोकं भणभणतं. चेहरे ओळखण्यासाठी सुरुवातीला मोठ्या फाइली इंटरनेटवरून उतरवाव्या लागतात, पण नंतर ओळखण्याचं काम तुमच्याच कॉम्प्युटरवर होतं, फोटो बाहेर कुठे जात नाहीत. लहान मुलांच्या आणि जुन्या पुसट फोटोंच्या बाबतीत तो चुकतो, तेव्हा त्यानं सुचवलेलं प्रत्येक नाव डोळ्यांखालून घातल्याशिवाय मान्य करू नका. आणि त्याचा डेटाबेस घरातल्या नेटवर्कच्या डिस्कवर ठेवू नका. फोटो तिथे असले तर चालतील, डेटाबेस मात्र कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कवरच.

डिजिकॅम झेपत नसेल तर एक्सएनव्ह्यू एमपी हा मधला रस्ता. हलका आहे, तिन्ही प्रकारच्या कॉम्प्युटरवर चालतो, खासगी वापराला फुकट. पण त्याची वर्गवारी मुळात त्याच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये जाते. तेव्हा पाच फोटोंची चाचणी इथे अगदी न चुकता करा. लिनक्सवर साधी गरज असेल तर शॉटवेल पुरतो, वर सांगितलेली खूण करून. कॅमेऱ्याच्या रॉ फाइली (जेपीजी न करता जशाच्या तशा साठवलेले फोटो) असतील तर डार्कटेबल. तो मूळ फाइलला हात न लावता प्रत्येकीच्या शेजारी एक्सएमपीची छोटी फाइल ठेवतो. ही जोडगोळी कधी तोडायची नाही. फोटो हलवताना शेजारची फाइल मागे राहिली की काम गेलंच.

गुगल फोटोजबद्दल विचारणारे बरेच असतात. शोधायला ते फार चांगलं आहे, मीही फोनवर वापरते. पण १ जून २०२१ पासून त्यातले नवे फोटो १५ जीबीच्या फुकट जागेतून मोजले जातात, आणि ती जागा मेल आणि ड्राइव्हबरोबर वाटून घ्यावी लागते. आणि आपल्या मुद्द्यापुरतं सांगायचं तर, तिथे बदललेली तारीख किंवा लिहिलेली ओळ गुगलच्या टेकआउट या सोयीनं सगळे फोटो उतरवताना फोटोत येत नाही, प्रत्येकाबरोबर वेगळ्या जेसन फाइलमध्ये येते. त्या फाइली कचरा समजून पुसू नका.

तारखा का बिघडतात

विंडोजच्या फोल्डरमध्ये फाइलला दोन-तीन तारखा असतात. कॉपी केली की तयार झाल्याची तारीख आजची होते. त्या तारखेनं रांग लावली की दहा वर्षं एका दिवसात कोंबली जातात. फोटो बिघडलेले नसतात, फक्त चुकीचा रकाना निवडलेला असतो. डेट टेकन हा रकाना निवडा, कारण तो एक्झिफमधून येतो.

डेट टेकनच रिकामा असेल तर फोटो बहुधा व्हॉट्सॲपवरून आलाय. तिथे फोटो म्हणून पाठवताना चित्र लहान होतं आणि एक्झिफ गळून जातं. अँड्रॉइडवर फाइलच्या नावात आठ आकडी तारीख आणि मग डब्ल्यूए असतं, त्यावरून काही अंदाज येतो. पण ती तारीख फोटो आल्याची आहे, काढल्याची नाही. वाढदिवसाचे फोटो मावशीनं महिन्याभरानं पाठवले तर तारीख महिन्याभरानंतरची. डिजिकॅममध्ये फाइलच्या नावातली तारीख उचलून आत लिहिण्याची सोय आहे, ती वापरा, पण मग महत्त्वाच्या प्रसंगांचे फोटो हातानं तपासा. आणि इथून पुढे घरच्यांना सांगा की लग्नाचे, बारशाचे फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. तसे पाठवले की मूळ फाइल जशीच्या तशी येते.

दोन कॅमेऱ्यांचा घोळ वेगळा. माझ्या मावसबहिणीच्या लग्नात दोघांनी फोटो काढले, आणि एका कॅमेऱ्याचं घड्याळ मागे होतं. सगळे फोटो एकत्र करून तारखेनं लावले तर अंतरपाट धरायच्या आधीच सप्तपदी चाललेली. अशा वेळी एकेका फोटोची वेळ बदलत बसायचं नसतं. दोन्ही कॅमेऱ्यांत सापडलेला एकच क्षण शोधायचा. आम्हाला मिळाला अंतरपाट बाजूला झाला तो. भटजींचा हात वर आणि अक्षता अजून हवेत, दोन बाजूंनी काढलेला तोच क्षण. एका कॅमेऱ्यात ११:४३:१०, दुसऱ्यात ०९:५६:०२. फरक १ तास ४७ मिनिटं ८ सेकंद. दुसऱ्या कॅमेऱ्याचे सगळे फोटो निवडून त्या फरकानं एकदम पुढे सरकवले. डिजिकॅममध्ये वेळ-तारीख जुळवण्याचं साधन आहे. शॉटवेलमध्येही सगळ्यांना सारख्याच फरकानं सरकवा असा पर्याय आहे, फक्त मूळ फाइल बदला ही खूण तिथे विसरू नका. हजारो फोटोंवर असलं काम करायचं असेल आणि कमांड टाइप करायची भीती नसेल, तर फिल हार्वे यांचं एक्झिफटूल हे फुकट साधन आहे. त्याच्याइतकं खात्रीचं दुसरं मला सापडलेलं नाही.

जुन्या स्कॅन केलेल्या फोटोंना तर आपणच तारीख द्यावी लागते. स्कॅनर द्यायची तर स्कॅन केल्याची देतो. इथे एक बारकावा मला उशिरा कळला. पेन ड्राइव्हवर जी फॅट नावाची जुनी मांडणी असते, तिचं कॅलेंडरच १ जानेवारी १९८० ला सुरू होतं. त्याआधीची तारीख फाइलला बाहेरून चिकटवली तर पेन ड्राइव्हवर ती टिकूच शकत नाही. एक्झिफमधली तारीख मात्र साध्या अक्षरांत लिहिलेली असते, त्यामुळे तिथे १९७४ लिहा की १९३८, ती तशीच राहते. नेमका दिवस माहीत नसेल तर मी १ जानेवारी लिहिते आणि खालच्या ओळीत अंदाजे असं नोंदवते, म्हणजे पुढच्या माणसाला ती तारीख खरी वाटणार नाही.

उभा काढलेला फोटो एका प्रोग्राममध्ये उभा आणि दुसऱ्यात आडवा पडलेला दिसतो, तेही एक्झिफमुळेच. फोन चित्र आहे तसं साठवतो आणि फिरवून दाखवा असा शेरा मारतो. काही जुने प्रोग्राम तो शेरा वाचत नाहीत. इरफानव्ह्यूमध्ये जेपीजी दर्जा न घालवता फिरवण्याची सोय आहे, तिनं चित्रच फिरवून ठेवा. आयफोनच्या एचईआयसी फाइली विंडोजवर उघडत नसतील तर मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधलं एचईआयएफचं फुकट एक्स्टेन्शन घाला, तरीही अडलं तर एचईव्हीसीचं घालावं लागतं, आणि त्याला थोडे पैसे पडतात.

मराठीत लिहिताना

मराठीत टॅग लावू नका, इंग्रजीत लावा, असा सल्ला मला बऱ्याच जणांनी दिला. मी तो मानला नाही. आत्यानं सांगितलेली ओसरी आणि माजघर मी इंग्रजीत कशाला लिहू? पण दोन-तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात.

जुन्या आयपीटीसी कप्प्यात एका शोधशब्दाला ६४ बाइटची मर्यादा आहे. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. युनिकोडच्या नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि काना, मात्रा, हलन्त हेही प्रत्येकी वेगळं चिन्ह. नुसतं महाबळेश्वर लिहिलं की ३० बाइट संपले. महाबळेश्वर वेण्णा लेक सहल लिहिलंत तर ६९ होतात, म्हणजे शेपूट कापलं जाऊ शकतं. शिवाय काही जुने प्रोग्राम त्या कप्प्यातली देवनागरी प्रश्नचिन्हांच्या रांगेत दाखवतात. एक्सएमपीमध्ये यातली कुठलीच अडचण नाही. म्हणून टॅग एकेका शब्दाचे ठेवा, लांब मजकूर ओळीत लिहा, आणि प्रश्नचिन्हं दिसली तर घाबरून पुन्हा टाइप करण्याआधी तोच फोटो एक्सएमपी वाचणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडून बघा. मजकूर बहुधा शाबूत असतो.

किनाऱ्यावर यातला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो, डोळ्याला सारखाच दिसतो, पण कॉम्प्युटरला ती दोन वेगळी अक्षरं वाटतात. फोनवर टाइप केलेला टॅग कॉम्प्युटरवर शोधला तर सापडत नाही. अशा शब्दांसाठी टाइप करण्यापेक्षा यादीतला आधीचा टॅग निवडत जा. फोल्डरच्या नावात मात्र वर्ष-महिना-दिवस इंग्रजी आकड्यांत लिहा. काही फोल्डर देवनागरी आकड्यांत आणि काही इंग्रजीत असले की रांग मधोमध तुटते.

आणि नात्याचे टॅग लावू नका. आजी, काका, वहिनी, हे मी आधी मनसोक्त लावले. माझी आजी ही माझ्या भाच्याची पणजी आहे, आणि माझ्या आईची सासू. पूर्ण नाव लिहा. बायकांच्या बाबतीत आणखी एक पेच येतो: लग्नात आडनावच नाही, पूर्वी नावही बदलत. आत्याच्या मैत्रिणीचा लग्नाआधीचा फोटो आणि नंतरचा फोटो दोन वेगळ्या नावांखाली गेला की ती दोन माणसं होतात. मी टॅग माहेरच्या नावाचा ठेवते आणि सासरचं नाव खालच्या ओळीत लिहिते. तुम्ही उलट करा, पण सगळीकडे एकच पद्धत ठेवा.

एवढं सांभाळून करा

फाइलमध्ये लिहायचं म्हणजे फाइल बदलते. म्हणून सुरू करण्याआधी सगळ्या फोटोंची एक नक्कल वेगळ्या डिस्कवर घेऊन ती कपाटात ठेवून द्या. नंतर जुळे फोटो शोधताना गंमत होते. नावं लावलेली आणि न लावलेली प्रत कॉम्प्युटरला दोन वेगळ्या फाइली वाटतात, कारण आतला मजकूर वेगळा. अशा वेळी फाइल ताडून बघणारं साधन उपयोगाचं नाही, चित्र ताडून बघणारं लागतं. डिजिकॅममध्ये ते आहे. पुसताना नावं असलेली प्रत ठेवताय ना, ते बघा. माझ्या हातून एकदा उलट झालं होतं, कपाटातल्या नकलेनं वाचवलं.

छापील फोटो स्कॅन करत असाल तर त्यांची मागची बाजूही स्कॅन करा, आणि त्या फाइलला तेच नाव देऊन नावाच्या शेवटी ‘मागे’ असं लिहा. आमच्या डब्यातल्या फोटोंपैकी शंभरेक फोटोंच्या पाठीवर आत्याच्याच अक्षरात पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: गाव, साल, दोन-तीन नावं. पहिल्या वेळी मी ते कुरतडलेले, डाग पडलेले पुठ्ठे उलटून बघितलेसुद्धा नव्हते. ती बोलत होती आणि मी टाइप करत होते, मागे बघायची गरजच वाटली नाही. आता त्या पाठींवरून आणि मोठ्या चुलत्यांना विचारून बहुतेक नावं परत लागली आहेत, आणि या वेळी ती फोटोंच्या आत आहेत. अकरा फोटो राहिलेत. त्यातल्या एकात विहिरीच्या कठड्यावर चार मुली बसल्या आहेत, डावीकडची आत्या आहे, बाकीच्या तिघी कोण ते घरात कुणाला सांगता येत नाही. तो मी मोठा छापून घेतलाय, दिवाळीत तिच्या माहेरच्या गल्लीत घेऊन जाणार आहे. लॅपटॉपही बरोबर नेणार, कुणी नाव सांगितलं की तिथेच लिहायचं आणि लगेच प्रॉपर्टीज उघडून आत गेलं का ते बघायचं.